दुपारचा भोंगा

६ नोव्हेंबर
नागपूरहून परत. दवाखान्यात डॉक्टरीणबाई नीट बोलल्या, घाई न करता. शोभाची पाळी बंद होऊन सहा वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त जातं, हे चांगलं लक्षण नाही. पिशवी काढा, गाठ तपासायला पाठवू, मग पुढचं. "महिनाभराच्या आत या." शोभा मान हलवत होती. मला वाटलं, पटलं.
गाडी वरोऱ्याला आली. मग म्हणाली, "ताई, शनीची महादशा संपल्याशिवाय मी अंगाले हत्यार लावू देणार नाही. दोन वर्षं राह्यले."
दोन वर्षं!
मी गाडीतच भाषण सुरू केलं. ड्रायव्हरने आरसा वळवून पाहिलं. उपयोग शून्य.

८ नोव्हें.
तीन दिवस तोंड चालवलं. रक्त म्हणजे काय, गाठ म्हणजे काय, शनी पृथ्वीपासून किती लांब आहे, सगळं. तालुक्यातल्या दारूच्या भट्ट्या मी भाषणाने बंद पाडल्या, हुंडा घेणाऱ्याला भर मांडवातून उठवलं. घरातली एक बाई हलत नाही. ती वाटाण्याच्या शेंगा सोलत ऐकते आणि शेवटी म्हणते, "झालं? चहा ठेवू?"
धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून माझ्याकडे वणीला आहे. छप्पन वर्षांची. रंग उतरला आहे तिचा.
तिला ही तारीख दिली ती पाठक सरांनी. निवृत्त गणित शिक्षक, साडीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी ज्योतिषाचा वर्ग घेतात. गणित! आधी वाटलं, जाऊन चार लोकांत सुनवावं. मग वाटलं, नको. शत्रूचं हत्यार शिकून त्याच हत्याराने त्याला पाडावं. दोन वर्षांच्या हिशेबात चूक असणारच. ती मी काढीन.

९ नोव्हें.
गेले. जिना चढताना शाल तोंडावरून घेतली, याची लाज वाटते. कुणाची लाज? त्यांची की माझी?
पा. सरांनी ओळखलं. "या मंदाताई. तुम्ही माझ्याविरुद्ध दोनदा बोलल्या. दोन्ही वेळा मी पुढच्या रांगेत होतो. टाळ्या बी वाजवल्या."
"मग सुधारला का नाहीत?"
"टाळ्या भाषणाले होत्या, ताई."
वर्ग हसला. सात-आठ जण: एक औषध दुकानदार, दोन शिक्षिका, ट्रकवाला एक. मीही हसले. चिडायला हवं होतं.

११ नोव्हें.
पाठांतर, कुणाची दशा किती वर्षं: केतू ७, शुक्र २०, रवी ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७. बेरीज एकशे वीस. माणूस एकशे वीस वर्षं जगतो असं धरून चाललेलं शास्त्र. आमच्या भागात!
शुक्राला वीस आणि रवीला सहाच का? सरांना फोन केला. "का ते मग विचारा. आधी पाठ करा." हेच वाक्य मी आयुष्यभर शाळेतल्या मुलींना म्हणू दिलं नाही कुणाला.
पाठ झालं मात्र. भांडी घासताना आपोआप चालू असतं. शो. आतून ओरडली, "रवीनंतर चंद्र हाय, मंगळ नाही!" तिला सगळं येतं.

१६ नोव्हें. रविवार
आज पद्धत कळली. जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात, त्या नक्षत्राच्या स्वामीची दशा आधी. नक्षत्राचा जेवढा भाग चंद्राने ओलांडला, तेवढी वर्षं गेली असं धरायचं. उरलेला भाग म्हणजे भोगायची वर्षं. पुढे सगळं क्रमाने. मोबाइल बंद. सर म्हणतात, हाताने काढा, नाहीतर आंधळ्याने लिफ्टमध्ये चढल्यासारखं होते.
हे सोपं आहे. सोपं आहे याचाच राग आला. मला वाटलं होतं, धूर असेल, मंत्र असतील. हे तर त्रैराशिक.

१८ नोव्हें.
शो.ची पत्रिका मांडली. दोन तास. निघालं की तिची शनीची दशा दोन वर्षांत संपत नाहीच. दोन वर्षांपूर्वीच संपली! धावत गेले तिच्याकडे.
तिने चष्मा लावला, बोट फिरवलं. "ताई, तू गेलेली वर्षं धरली. राहिलेली धरा लागते. मृगाचा आरंभ हाय माहा, मृगाचा स्वामी मंगळ, तो बहुतेक सारा शिल्लक होता."
खरं होतं. पहिल्याच पायरीला उलटं.
"बाप्पा, एवढी शिकलेली बाई," म्हणाली आणि पोट धरून हसली. मग पोट धरूनच बसली. हसणं कधी थांबलं आणि दुखणं कधी सुरू झालं, समजलं नाही.

१९ नोव्हें.
दुरुस्त केलं. सरांचं बरोबर आहे. दोन वर्षं, थोडे दिवस इकडे तिकडे.
गणित बरोबर आणि गोष्ट चूक. अशा वेळी माणसाने कुठे बोट ठेवायचं?

२३ नोव्हें. रविवार
वर्गात विचारलं, सगळ्यात कच्चा दुवा कोणता? सर क्षणभरही न थांबता म्हणाले, "जन्मवेळ. तुम्ही वेळ द्या, मी दशा देतो. वेळ चुकली की दशा दुसऱ्याच माणसाची."
"शोभाची वेळ कशावरून घेतली?"
"त्याच म्हणाल्या. दुपारचा भोंगा."
बरोबर. आमचा जन्म राजूरचा, बाबा खाणीत. तेव्हा घरात घड्याळ नव्हतं, खाणीचा भोंगा होता. पाळी बदलली की वाजायचा: सकाळी, दुपारी, रात्री. आई म्हणायची, "भोंगा झाला आन् हे पोरगी पडली." तारीख पंचायतीत नोंदलेली आहे, वेळ कुठेच नाही.
पण भोंगे तीन.

२४ नोव्हें.
तिन्ही मांडले.
दुपारचा: शनी अजून दोन वर्षं.
सकाळचा: नक्षत्रच बदलतं, मृगाऐवजी रोहिणी. शनी साडेचार वर्षांहून जास्त.
रात्रीचा: शनी संपला. उन्हाळ्यातच. आता बुध चालू.
त्याच आईची तीच मुलगी, आणि आठ-आठ तासांच्या फरकाने एक मरते, एक वाट पाहते, एक उद्या सकाळी नागपूरला जाते. हे मी भाषणात वापरलं असतं तर सभा डोक्यावर घेतली असती. इथे कुणाला सांगू.

२७ नोव्हें.
आज एक वाईट गोष्ट केली. पडताळा पाहिला.
रात्रीचा भोंगा धरला तर शो.चं लग्न गुरूच्या दशेत. गुरू म्हणजे लग्न, बरोबर! मग दुपारचा धरला: लग्न राहूत. राहू म्हणजे परका, रीत सोडून. तिने तर घरच्यांना न सांगता कोळशाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरशी केलं. तेही बरोबर! तिचा नवरा गेला ते दोन्हीकडून शनीत. अंगणवाडीची नोकरीही दोन्हीकडून बसते.
जोडणारा हुशार असला की सगळं जुळतं, आणि मी हुशार आहे.
हे कळूनही माझी स्वतःची पत्रिका काढली. मला आता शुक्र आहे. वीस वर्षं. बरं वाटलं. का बरं वाटलं?

२९ नोव्हें.
रात्री शो.ची चादर भिजली. ती सकाळी गुपचूप धुऊन वाळत घालत होती, तिथे पकडली. कोळशाची धूळ बसते म्हणून आम्ही कपडे मागच्या बाजूला वाळवतो. ही पुढे वाळवत होती, मला मागच्या खिडकीतून दिसू नये म्हणून.
ओरडले. खूप.
ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणे? कापू, मंग पाहू. मंग काय निघते ते पाहू. मंग पुढचं पाहू. याले शेवट हाय काय कुठी? दशेले शेवट असते ताई. तारीख असते. तोवर सोसा लागते, मंग संपते. मले तेवढंच पायजे."
विज्ञान तारीख देत नाही, हे मी कधी मंचावरून सांगितलं नव्हतं.

३० नोव्हें. रविवार
वर्गाला गेले नाही.
डोक्यात एकच. रात्रीचा भोंगा. तिला एवढंच सांगायचं, "आईच्या तोंडून मी ऐकलं होतं, रात्रीचा होता." आई नाही. कोण विचारणार? ती बॅग भरेल.
एका शब्दाने जीव वाचतो. मग तो शब्द खोटा असला तर काय झालं? पण ज्या बाईने चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की खोट्या आशेवर देव-दैवाचा धंदा चालतो, तिने आता...
पुरावा हवा. खरा असेल तर प्रश्नच मिटला. राजूरला गोदाकाकी आहेत अजून. आईच्या शेजारच्या खोलीत राहायच्या. नव्वदीच्या पुढे. बाळंतपणाला त्याच असायच्या असं आई सांगायची.

३ डिसेंबर
राजूर.
काकी ओट्यावर उन्हात, अंगावर घोंगडी. समोर तुरीचं शेत पिवळं झालं आहे, त्याच्यामागे मातीचे ढिगारे. कान शाबूत. डोळे गेले.
"कोन, मंदी? आवाजावरून कळलं. अजूनही सभेत बोलल्यावानीच बोलतं तू."
विचारलं. शोभा जन्मली तेव्हाचा भोंगा कोणता? दुपारचा की रात्रीचा?
"काहून वं माय, दुपारचा कायचा? अन् रातचा कायचा? तो येळेचा भोंगाच नोहे. खाली पानी भरलं होतं. येळ-अयेळ वाजून राह्यला होता, थांबेच ना. समद्या बाया धावल्या खाणीच्या तोंडाकडं. मी बी धावली. तुले काखेत मारलं अन् धावली. तुहा बाप खाली होता ना."
"आणि आई?"
"तिले कळा चालू. एकटी होती खाटेवर. काय करतो? मी तिले म्हनलं, येतोच. आलीच नाही."
"मग?"
"मंग काय. समदे निघाले वर, एकबी मेला नाही, म्हनून त कोनाच्या ध्यानात नाही. आम्ही वापस आलो त तुही माय भिंतीले टेकून बसली, पोरगी पदरात. नाळ तिनंच कापली, इळ्यानं."
मी विचारलं, "तेव्हा उजेड होता का काकी? अंधार होता?"
"उजेड कोन पायला बाई. मानसं मोजून राह्यलो होतो आमी."
मी पुन्हा विचारणार होते. नाही विचारलं.
निघताना म्हणाल्या, "दुपारचा हे कोन सांगतलं तुले?"
सगळेच सांगतात, मी म्हणाले.

४ डिसें.
कोणी सांगितलं?
आई कधी "दुपारचा" म्हणाली नाही. "भोंगा झाला" एवढंच. बाबा या विषयावर बोलत नसत.
माझं वाक्य आहे ते. "माझी बहीण दुपारच्या भोंग्यावर जन्मली! कामगाराच्या लेकीला पंचांग लागत नाही, तिचा मुहूर्त खाण काढते!" पहिल्यांदा वणीच्या कामगार मेळाव्यात बोलले, पंचविशीत असेन. "भोंग्यावर जन्मली" नुसतं म्हटलं तर वाक्य लंगडतं. "दुपारच्या" आलं की ते उभं राहतं. तेवढ्यासाठी आलं असणार. पुढे शंभर ठिकाणी बोलले, आणि मीही ते आठवणीसारखं धरून बसले. शो. पुढच्या रांगेत बसून प्रत्येक वेळी ऐकायची, आणि लोक वळून तिच्याकडे बघायचे.
तिथून ती सरांकडे गेली आणि म्हणाली, दुपारचा भोंगा.
पंचांगाविरुद्धचं वाक्य पंचांगात जाऊन बसलं. दोन वर्षं मीच दिली तिला. शनीने नाही.
हसावं की काय करावं.

५ डिसें.
पांढरकवड्याला व्याख्यान होतं, दोन महिन्यांपूर्वी घेतलेलं. विषय: ज्योतिष हे शास्त्र का नाही. गेले. चांगलं बोलले, असं ते म्हणतात. त्रैराशिक सांगितलं, तीन भोंग्यांचं उदाहरण दिलं, बहिणीचं नाव न घेता. शेवटाला नेहमीची जागा आली. "माझी बहीण..." म्हणाले आणि थांबले. सभागृहाला वाटलं, गहिवरले. टाळ्या.
एका मुलीने नंतर विचारलं, "मॅडम, मग ज्याला शास्त्र नाही, दिलासा पाहिजे, त्यानं कुठं जावं?" मी म्हटलं, चांगला प्रश्न आहे. हे मी कधी म्हणत नाही. प्रश्न चांगला असला की मी उत्तर देते.

७ डिसें. रविवार
वर्ग सुटल्यावर सरांना सांगितलं. सगळं, माझ्या वाक्यासकट. वाटलं, हसतील. हसले नाहीत. फळा पुसत राहिले.
"मग आता वेळच नाही?"
"नाही."
"एक रस्ता असते. आयुष्यातल्या घटना घ्यायच्या आन् त्यावरून मागं जाऊन वेळ पक्की करायची."
"म्हणजे वेळेवरून आयुष्य सांगता, आणि आयुष्यावरून वेळ?"
"तसंच."
"सर, हे तुम्हाला गणितात चाललं असतं?"
"नसतं चाललं." मग हळू म्हणाले, "मंदाताई, मी शोभाताईंले मागच्या रविवारीच म्हटलं, दशा राहू द्या, दवाखान्यात जा. ऐकत नाहीत. म्हणतात, तुम्हीच तर सांगतलं. दिलेली तारीख मले वापस घेता येत नाही हो."
आम्ही दोघं जिन्यात उभे. खाली सेलची गर्दी, साड्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो शोधत होते आणि सापडत नव्हता.
"रात्रीचा सांगा," असं ते म्हणाले नाहीत. मी वाट पाहत होते, हे मात्र खरं.

८ डिसें.
सांगितलं तिला. दुपारी, जेवणं झाल्यावर. खोटं नाही सांगितलं. काकींचं जसंच्या तसं, पाणी, विळा, सगळं. आणि "दुपारचा" माझा आहे, हेही.
तिने ताटात बोट फिरवलं.
"बाबा खाली होते?"
"हो."
"आन् समदे वर आले?"
"काकी म्हणतात, एकही मेला नाही."
"मंग मी वाईट येळेवर नाही जन्मली," म्हणाली. उजळली जरा. मला आनंद झाला आणि लगेच वाटलं, हे काय? हाही शकुनच. मी एक काढून घेतला, तिने तिथल्या तिथे दुसरा उचलला.
पण मग चेहरा पडला. "ताई, सभेत लोक माह्याकडं पायत. हे दुपारच्या भोंग्यावर जन्मलेली. माह्यापाशी दुसरं काय होतं वं सांगासारखं? तेही तुहंच निघालं."
ताट उचलून गेली. मोरीत बराच वेळ नळ चालू होता.

९ डिसें.
बोलत नाही. चहा देते, बोलत नाही. मीही भाषण केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घरात एवढी शांतता, आणि तीत मला फक्त केतू शुक्र रवी चंद्र ऐकू येतं.
डॉक्टरीणबाईंचा महिना संपला. फोन लावला. म्हणाल्या, उद्या दुपारनंतरही घेते, पण आणा.

१० डिसें.
सकाळी उठले तर बॅग दारात. साडी घडीची, शाल, तांब्या, देवीचा फोटो. तिने स्वतः भरली.
मला रडू आलं. ती म्हणाली, "थांब. अजून नाही ठरलं."
"मग भरली कशाला?"
"बस. आईक." पुढच्या खोलीत खुर्चीत बसली, सभेला बसते तशी. "मी बी तिन्ही मांडले. सकाळचा असन त साडेचार वर्षं. दुपारचा असन त दोन. रातचा असन त संपला शनी. खरा कोनाले मालूम नाही. बरोबर?"
"बरोबर."
"मंग पयले तूच ठेवली होती ना येळ? आता बी तूच ठेव. तू म्हनशीन तो भोंगा. मी मानतो."
"शोभे, हे तुला पटतं? मी म्हणते म्हणून?"
"पयले बी तू म्हनली म्हनूनच मानलं होतं."
"मी शनी-बिनी न धरता म्हणते, चल."
"ते नको. भोंगा सांग."
रात्रीचा. एवढा एक शब्द. तोंडात आहे. तिला माहीत आहे की मी खोटं बोलणार, मला माहीत आहे की तिला माहीत आहे. मग ते खोटं उरतं का? आणि मी बोलले, आणि ऑपरेशनच्या टेबलावर काही झालं, तर पुढच्या वेळी ती कोणत्या भोंग्यावर... आणि नाही बोलले तर?
म्हटलं, थोडा वेळ दे. आत येऊन हे लिहिते आहे. गाडीवाला खाली आला आहे, दोनदा हॉर्न दिला. ती बाहेर बसली आहे, चप्पल घालून. मला उघड्या दारातून तिची टाच दिसते, भेगा पडलेली.
आत्ता खाणीकडचा सुरुंग झाला. भोंगा कधीच बंद झाला, आता हाच असतो रोज. खिडक्या थरथरल्या, फळीवरचे डबे वाजले.
बाहेरून तिचा आवाज: "सुरुंग झाला वं ताई. येळ लिहून ठेव. या येळी तरी."
घड्याळ पाहिलं. लिहिली. अजून मी काही बोललेले नाही.